एसयूव्हीला विंटर टायर घेताय? आधी तुमचा बर्फ कुठला ते बघा

बर्फाच्या प्रदेशात नवीन आलेला माणूस पहिल्या हिवाळ्याच्या तोंडावर हमखास एक वाक्य बोलतो. "माझी एसयूव्ही आहे, त्यात ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे, मला कशाला पाहिजेत विंटर टायर?" मी पण हेच बोललो होतो. मग एका सकाळी उतारावरून सिग्नलकडे येताना ब्रेक दाबला, पायाखाली एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) कटकट सुरू झाली आणि गाडी पावडर मारलेल्या कॅरमवर स्ट्रायकर जावा तशी ऐटीत चौकाच्या मधोमध जाऊन थांबली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून आज हे लिहितोय. चारही चाकं व्यवस्थित फिरवू शकणारी गाडी होती, पण थांबायच्या वेळी त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

गंमत अशी की ब्रेक प्रत्येकच गाडीला चारही चाकांना असतात, छोट्या हॅचबॅकला पण. ऑल-व्हील-ड्राइव्ह तुम्हाला निघायला मदत करतं, चढ चढायला मदत करतं, म्हणजे जास्त वेगात जायला मदत करतं, आणि थांबणं-वळणं सगळं टायरच्या रबरावर सोडून देतं. एसयूव्ही जड असते म्हणून रस्ता धरून राहते हा पण एक गैरसमज. वजन जास्त म्हणजे टायरवर दाब जास्त हे खरं, पण थांबवायचं वस्तुमानही तेवढंच जास्त, हिशोब तिथल्या तिथे मिटतो, वर गाडी उंच असल्यामुळे वळणावर जास्त झुकते ते वेगळंच.

थोडं गणित करून बघा. ताशी ५० किमी वेगात पूर्ण ब्रेक मारला तर कोरड्या डांबरावर (घर्षणांक, म्हणजे टायर-रस्त्याच्या पकडीचा आकडा, साधारण ०.७ धरून) गाडी १४ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर घर्षणांक ०.२५ धरला तर ३९ मीटर. गुळगुळीत बर्फावर ०.१ धरला तर ९८ मीटर. यात तुम्ही ब्रेककडे पाय नेईपर्यंतचा वेळ धरलेला नाही, आणि त्या वेगात एका सेकंदात गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते. विंटर टायर काय करतो, तर हा घर्षणांक जरासा वर सरकवतो. जरासाच, पण इथे जरासा म्हणजे एका गाडीची लांबी किंवा चार गाड्यांची लांबी.

आता कामाला लागू.

१. आधी बर्फ ओळखा

आपल्या भाषेची इथे थोडी पंचाईत होते. आभाळातून पडतो तो बर्फ, फ्रीजमध्ये जमतो तो पण बर्फ, रस्त्यावर काचेसारखा चकाकतो तो पण बर्फच. (हिम म्हणतात खरं, पण बोलताना कोण म्हणतं.) टायरच्या दृष्टीने मात्र या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि टायर निवडताना होणाऱ्या निम्म्या चुका या एका शब्दामुळे होतात असं माझं मत आहे. म्हणून टायर बघायच्या आधी आठवडाभर स्वतःच्या रोजच्या रस्त्याकडे बघा, नवीन असाल तर शेजाऱ्यांना विचारा की जानेवारीत आपला रस्ता कसा दिसतो.

ताजा भुसभुशीत बर्फ असेल तर टायरला खोल, रुंद खाचा लागतात. त्या खाचांमध्ये बर्फ भरतो आणि विचित्र वाटेल पण तेच हवं असतं, कारण बर्फ बर्फाला छान चिकटतो, हातात गोळा करतो तेव्हा होतो तसा. गाड्यांनी दाबून घट्ट केलेला पांढरा बर्फ हा विंटर टायरसाठी त्यातल्या त्यात सोपा पेपर. मग येतो अर्धवट वितळलेला, पाण्याने भरलेला चिखलासारखा बर्फ, ज्याला सगळे स्लश म्हणतात. त्यात टायर पाण्यावर तरंगतो तसा तरंगू शकतो, तिथे पाणी बाहेर फेकणाऱ्या तिरक्या खाचा लागतात आणि टायर थोडा अरुंद असलेला बरा. आणि शेवटी आइस, काच बर्फ. त्यात पण शून्याच्या आसपासचा सगळ्यात वाईट, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे २० ला तोच बर्फ कोरडा, खरखरीत होतो आणि पकड उलट सुधारते. म्हणजे थर्मामीटर शून्याजवळ आला की थंडी कमी झाली म्हणून सैल सोडायचं नाही, तेव्हाच सांभाळायचं.

पाचवा प्रकार लोक विसरतात, नुसता थंड रस्ता. बर्फ नाही, काळं डांबर, पण तापमान ७ अंशांच्या खाली. उन्हाळी टायरचं रबर या तापमानात कडक व्हायला लागतं, ऑल-सीझनचं पण हळूहळू, आणि कडक रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत बसत नाही. मोठी शहरं जिथे रस्ते रोज साफ होतात, मीठ टाकतात, तिथले लोक हिवाळ्यातले बरेच दिवस याच रस्त्यावर असतात.

आता एका कागदावर लिहा, तुमच्या रोजच्या प्रवासात यातलं काय सगळ्यात जास्त असतं आणि काय सगळ्यात धोकादायक असतं. ही दोन उत्तरं वेगळी येऊ शकतात. मी स्वतः धोकादायक वाल्याला जास्त महत्त्व देतो.

२. टायरची जात ठरवा

दुकानात गेलात की सगळे काळे गोल दिसतात, पण ढोबळमानाने पाच जाती आहेत.

ऑल-सीझन हा बहुतेक एसयूव्हींबरोबर कारखान्यातून येतो. नावात सगळे ऋतू असले तरी खऱ्या बर्फात हा तीन ऋतूंचाच. वर्षातून दोनदा बर्फ पडतो आणि त्या दिवशी तुम्ही घरी बसू शकता, तर याच्यावर भागवा.

ऑल-वेदर हा वेगळा, नाव सारखं म्हणून गोंधळ होतो. यावर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असतं (त्याबद्दल पुढे), वर्षभर ठेवता येतो, हलका हिवाळा असेल आणि दुसरा सेट ठेवायला जागा नसेल तर चांगली तडजोड. काच बर्फावर मात्र खऱ्या विंटर टायरची बरोबरी करत नाही.

मग खऱ्या विंटर टायरमध्ये दोन घराणी. एक मध्य युरोपचं, अल्पाइन पद्धतीचं. रबर थोडं घट्ट, ओल्या आणि कोरड्या थंड रस्त्यावर, हायवेच्या वेगाला स्थिर. मिशेलिनचा पायलट अल्पिन एसयूव्ही किंवा पिरेलीचा स्कॉर्पियन विंटर हे या घराण्यातले. दुसरं उत्तरेकडचं, नॉर्डिक पद्धतीचं. रबर एकदम मऊ, बोटाने दाबून बघा, फरक कळतो. ट्रेडवर (टायरचा रस्त्याला टेकणारा नक्षीदार भाग) केसासारख्या बारीक चिरा, त्यांना साइप म्हणतात, शेकड्यांनी. गाडीच्या वजनाने त्या उघडतात आणि प्रत्येक चिरेची कड बर्फात ओरखडा काढते, शिवाय पाण्याचा तो पातळ थर थोडा शोषून घेतात. ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक, मिशेलिनचा एक्स-आइस स्नो, नोकियनचा हाक्कापेलिट्टा आर, कॉन्टिनेंटलचा व्हायकिंग-कॉन्टॅक्ट हे सगळे या बाजूचे, आणि एसयूव्हीच्या साइजमध्ये पण मिळतात. तोटा असा की कोरड्या रस्त्यावर जोरात वळलात तर गाडी जराशी लिबलिबीत वाटते आणि वसंतात काढायला उशीर केला तर रबर पेन्सिलीच्या खोडरबरासारखं झिजतं.

पाचवी जात खिळ्यांचे टायर, स्टडेड. शून्याच्या आसपासच्या ओल्या काच बर्फावर यांना तोड नाही, घाटातला उतार किंवा मीठ न पडणारा ग्रामीण रस्ता असेल तर विचार करा. पण मोकळ्या डांबरावर आवाज करतात, ओल्या मोकळ्या रस्त्यावर थांबायला जास्त अंतर घेतात आणि रस्ता खरवडतात. नियम आधी बघा. फिनलंड, स्वीडन, नॉर्वेत हिवाळ्याच्या ठरावीक काळात चालतात, जर्मनीत बंदी आहे. जपानात तर खिळ्यांनी उडणारी रस्त्याची धूळ इतकी त्रासदायक झाली की १९९० मध्ये त्यासाठी वेगळा कायदाच केला, आणि बिनखिळ्यांच्या मऊ टायरला तिथे जोर आला तो त्याच काळात. ब्लिझॅक १९८८ चा, म्हणजे कायदा यायच्या जरा आधीचाच.

माझा साधा हिशोब असा. बहुतेक दिवस साफ केलेला हायवे आणि थंड ओला रस्ता, तर अल्पाइन. गल्ली, वस्ती, पार्किंग, आठवडेच्या आठवडे पांढरा रस्ता, सकाळी लवकर निघणं, तर नॉर्डिक बिनखिळ्यांचा. आणि दोन्हींमध्ये अडकलात तर पहिल्यांदा बर्फात चालवणाऱ्याने नॉर्डिक घ्यावा, कारण नवख्या माणसाची फजिती हायवेच्या वळणावर होत नाही, सिग्नलला आणि सोसायटीच्या उतारावर होते.

३. टायरच्या भिंतीवरचं चिन्ह बघा, विकणाऱ्याचं तोंड नको

टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र शोधा. थ्री-पीक माउंटन स्नोफ्लेक म्हणतात त्याला. हे चिन्ह मिळवायला टायरला दाबलेल्या बर्फावर प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागते, एका ठरलेल्या संदर्भ टायरपेक्षा ठरावीक प्रमाणात जास्त पकड दाखवावी लागते. याच्या शेजारी बऱ्याचदा एम प्लस एस असं लिहिलेलं असतं, म्हणजे मड आणि स्नो. नुसतं एम प्लस एस असेल तर फसू नका, ते मुळात ट्रेडच्या खाचांच्या रचनेवरून दिलं जातं, बर्फावर चाचणी झालेलीच असते असं नाही. कित्येक साध्या ऑल-सीझनवर पण ते असतं. मला पहिल्या वर्षी एकाने "हा बघा विंटर, लिहिलंय ना स्नो" म्हणून असाच सेट दाखवला होता आणि मी घेणार पण होतो, बरोबरच्या मित्राने खाली वाकून बाजूची भिंत बघितली म्हणून वाचलो.

पण डोंगराच्या चिन्हाची पण मर्यादा लक्षात घ्या. ती चाचणी दाबलेल्या बर्फावरची आहे, काच बर्फावरची नाही. त्यामुळे ऑल-वेदर आणि मऊ नॉर्डिक दोघांवर तेच चित्र दिसतं आणि आइसवर दोघांत बराच फरक असू शकतो. काच बर्फासाठी वेगळं चिन्ह युरोपीय संघाच्या टायर लेबलवर मे २०२१ पासून आलंय, बर्फाच्या सुळक्याचं चित्र असतं. ते दिसलं तर टायर उत्तरेकडच्या घराण्यातला असण्याची शक्यता जास्त. इतर देशांत ते लेबल असेलच असं नाही.

कायद्याचंही इथेच बघून टाका. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. जर्मनीत तारखा नाहीत, रस्त्याची स्थिती हिवाळी असली की विंटर टायर लागतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तिथे नुसतं एम प्लस एस चालत नाही, डोंगराचं चिन्हच पाहिजे. तुमच्या भागाचा नियम तुम्ही बघा, इन्शुरन्सची पॉलिसी पण एकदा वाचा.

४. साइज आणि वजनाचा आकडा

ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, खांबावर एक स्टिकर असतो. त्यावर उदाहरणार्थ २२५/६५ आर १७ १०२ एच असं काहीतरी सापडेल. २२५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचे दोन लोक सोडून देतात आणि एसयूव्हीत तेच महत्त्वाचे.

१०२ हा लोड इंडेक्स, एका टायरवर जास्तीत जास्त ८५० किलो. ९८ असेल तर ७५० किलो, १०६ असेल तर ९५०. विंटर टायरचा हा आकडा स्टिकरपेक्षा कमी चालत नाही, जास्त चालतो. एसयूव्हीत पाच माणसं, मागे सामान, छतावर पेटी असं सगळं घेऊन आपण निघतो तेव्हा हा आकडा कामाला येतो. इलेक्ट्रिक एसयूव्ही असेल तर बॅटरीचं वजन प्रचंड असतं, तिथे एक्सएल किंवा एचएल लिहिलेले जास्त भार पेलणारे टायर सांगितलेले असतात, त्यात काटकसर करायची नाही.

शेवटचं अक्षर वेगाचं. क्यू म्हणजे ताशी १६० किमी, आर म्हणजे १७०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. मऊ विंटर टायर बऱ्याचदा आर किंवा टी मध्ये येतात आणि हे अक्षर मूळ टायरपेक्षा खालचं असलं तरी बहुतेक ठिकाणी चालतं, फक्त मग त्या वेगाच्या वर जायचं नाही. बर्फात २०० ने कोण चाललंय म्हणा.

आता एक युक्ती. तुमच्या गाडीला १९ किंवा २० इंचाच्या मोठ्या चकचकीत रिम असतील तर हिवाळ्यासाठी लहान रिम आणि उंच भिंतीचे टायर घ्या. बाहेरचा एकूण व्यास जवळपास तोच राहिला पाहिजे. समजा मूळ साइज २३५/५५ आर १९ आहे, तिचा व्यास येतो ७४१ मिमी. २३५/६५ आर १७ चा येतो ७३७. फरक अर्ध्या टक्क्याचा, स्पीडोमीटरला कळणार पण नाही. (गणित सोपं आहे, रिमचे इंच गुणिले २५.४, अधिक भिंतीची उंची दोनदा.) साधारण ३ टक्क्यांच्या आत राहायचं असा सगळीकडचा दंडक आहे. फायदा काय, तर लहान साइजचे टायर स्वस्त, बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाचते कारण रबराची गादी जाड, आणि निवड पण जास्त मिळते. फक्त एक खात्री करा, मोठ्या ब्रेकच्या गाड्यांना १७ ची रिम कॅलिपरला (चाकाच्या आतला ब्रेकचा चिमटा) घासू शकते, म्हणून तुमच्याच मॉडेलला कंपनीने ती लहान साइज कुठल्यातरी व्हेरियंटवर दिलीय का ते मॅन्युअलमध्ये बघा, दिली असेल तर प्रश्न मिटला.

रुंदी थोडी कमी केलेली चालते का? मॅन्युअलमध्ये असेल तर चालते, आणि खोल बर्फात, स्लशमध्ये अरुंद टायर कापत खाली जातो, रुंद टायर वर चढून बसतो. पण मनाने अरुंद करू नका, लोड इंडेक्स लगेच खाली येतो.

५. वेगळ्या रिम घ्याच

पहिल्या वर्षी खर्च वाचवायला लोक एकाच रिमवर टायर बदलत बसतात. वर्षातून दोनदा टायर रिमवरून ओढून काढायचा आणि परत चढवायचा, दर वेळी बॅलन्सिंग, दर वेळी टायरच्या कडेला आणि हवेच्या सेन्सरला धोका. दोन-तीन हिवाळ्यांत त्या मजुरीत रिमचे पैसे निघतात, शिवाय बदलायचं काम अर्ध्या तासाचं होतं, घरीच पण करता येतं. साध्या लोखंडी रिम घ्या, मिठाने गंजल्या तरी जिवाला लागत नाहीत.

रिम घेताना चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: नटांची संख्या आणि वर्तुळ (उदा. ५ गुणिले ११४.३), मधल्या भोकाचा व्यास, ऑफसेट (रिम गाडीला जिथे टेकते तो भाग मध्यापासून किती आत-बाहेर), आणि नटाचा बसायचा आकार. शेवटची गोष्ट सगळे विसरतात. कंपनीच्या अलॉय रिमचे नट आणि बाहेरच्या रिमचे नट यांचा तळ एकाचा गोल, एकाचा शंकूसारखा असू शकतो, चुकीचा नट घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि नंतर सैल होतो.

हवेच्या सेन्सरचं पण विचारून घ्या. काही गाड्यांत प्रत्येक चाकात सेन्सर असतो, मग नवीन रिममध्ये पण बसवावे लागतात नाहीतर हिवाळाभर डॅशबोर्डवर पिवळा दिवा. काही गाड्या एबीएसवरून चाकाच्या फिरण्यावरून अंदाज घेतात, त्यांना फक्त मेनूत जाऊन रीसेट करायचं.

६. चारही. दोन नाही.

यावर चर्चा नको खरं तर, पण दर वर्षी कोणीतरी विचारतं. पुढे दोन विंटर आणि मागे दोन ऑल-सीझन बसवले तर पुढचं टोक पकडतं, मागचं सुटतं आणि गाडी स्वतःभोवती फिरते. फक्त मागे बसवले तर स्टिअरिंग वळतं, गाडी सरळ जाते. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये वर आणखी एक भानगड, चार टायरची झीज वेगवेगळी असली की चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या मधल्या कपलिंगवर कायमचा ताण येतो. तिथली दुरुस्ती चार टायरच्या कितीतरी पट महाग पडते.

७. तारीख, खोली आणि सेकंडहँडचा मोह

टायरच्या भिंतीवर डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२३ असेल तर २०२३ चा ३५ वा आठवडा. वर्ष-दीड वर्ष गोडाउनमध्ये नीट ठेवलेला टायर चालतो, चार-पाच वर्षं जुना "नवीन" म्हणून देत असतील तर नको म्हणा.

ट्रेडची खोली नवीन विंटर टायरला साधारण ८-९ मिमी असते. कायद्याची किमान मर्यादा बऱ्याच देशांत १.६ मिमी आहे, पण बर्फासाठी ती निरुपयोगी, ४ मिमीला टायर बर्फातून निवृत्त झाला असं समजा. ऑस्ट्रियात तर त्याखाली तो विंटर टायर म्हणून धरतच नाहीत. सेकंडहँड सेट बघायला जाताना खोली मोजायचं छोटं यंत्र न्या आणि साइप अजून दिसतायत का बघा. काही टायरमध्ये मऊ, सूक्ष्म छिद्रांचं खास रबर फक्त वरच्या भागात असतं, ब्लिझॅक मालिकेत हे बरीच वर्षं चालत आलंय, तो थर संपला की खाली साधं विंटर रबर. म्हणजे अर्धा झिजलेला टायर अर्धी किंमत घेऊन अर्ध्याहून कमी काम करतो. मी म्हणून वापरलेले विंटर टायर घेत नाही, वापरलेल्या रिम खुशाल घेतो.

८. कुठला ब्रँड?

लोकांची मतं वाचण्यापेक्षा तुलनात्मक चाचण्या वाचा. जर्मनीची एडीएसी ही मोटारवाल्यांची संघटना, फिनलंडचं टेक्नीकान माइल्मा, स्वीडनचं वी बिलएगारे, अमेरिकेचं कन्झ्युमर रिपोर्ट्स ही मासिकं, हे सगळे एकाच गाडीवर एकाच रस्त्यावर टायर बदलून मोजतात. एकूण मार्क बघू नका. पहिल्या पायरीत जो कागद लिहिलात तो काढा आणि तुमच्या बर्फाचाच रकाना वाचा, कारण एकूण मार्कांत कोरड्या रस्त्याचे आणि आवाजाचे पण मार्क मिसळलेले असतात. चाचणी कुठल्या देशाची ते पण बघा, जर्मन चाचणीत ओल्या डांबराला वजन जास्त, फिनिश चाचणीत आइसला. फिनलंडवाल्यांचा या विषयातला अनुभव जुना आहे, नोकियनच्या पूर्वज कंपनीने १९३४ मध्ये ट्रकसाठी जगातला पहिला विंटर टायर काढला होता.

बजेट कमी असेल तर नामांकित कंपनीचा मागच्या पिढीचा टायर घ्या. अनोळखी स्वस्त ब्रँडच्या नव्याकोऱ्या टायरपेक्षा तो बर्फावर बहुतेकदा उजवा पडतो.

९. कधी आणि कसे बसवायचे

पहिला बर्फ पडला की त्या आठवड्यात सगळं गाव टायरच्या रांगेत असतं, लोकप्रिय साइज संपलेल्या असतात आणि उरलेलं तुमच्या माथी मारलं जातं. उन्हाळा संपला की ऑर्डर द्या. सकाळचं तापमान ७ अंशांच्या खाली स्थिरावलं की बसवा, बर्फाची वाट बघू नका. वसंतात उलट, सकाळी पण ७ च्या वर राहायला लागलं की काढा.

बसवून घेताना मोबाइलवर डोकं घालून बसू नका, उठून चारही चाकं बघा. बाणाचं चिन्ह असलेले टायर पुढे जाताना बाणाच्या दिशेने फिरले पाहिजेत, आत-बाहेर लिहिलेले असतील तर बाहेर असं लिहिलेली बाजू बाहेर. माझे दोन उलटे बसवले होते, घरी येऊन कळलं. नट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याला घट्ट करायचे आणि ८०-१०० किमी चालवल्यावर पुन्हा एकदा तपासायचे.

हवा दर महिन्याला बघा, टायर थंड असताना, गॅरेजच्या उबेत नाही तर बाहेर. तापमान ५-६ अंश उतरलं की हवेचा दाब साधारण १ पीएसआय कमी होतो, म्हणजे ऑक्टोबरात भरलेला टायर जानेवारीत बराच बसलेला असतो. बर्फात पकड वाढावी म्हणून मुद्दाम हवा कमी ठेवायची आयडिया कोणीतरी देईल, ऐकू नका, स्टिकरवरचा आकडा पाळा. साखळ्या लागणार असतील तर कुठल्या साइजवर आणि कुठल्या चाकांना चालतात ते मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याच एसयूव्हीत मोठ्या टायरवर साखळीला आत जागाच नसते.

नवीन टायरवर पहिले काही शे किलोमीटर सावकाश चालवा, वरचा गुळगुळीत थर जायचा असतो, खिळ्यांचे असतील तर खिळे नीट बसायचे असतात. आणि एखाद्या रिकाम्या, बर्फाने भरलेल्या पार्किंगमध्ये जाऊन २०-३० च्या वेगाने जोरात ब्रेक मारून बघा, दोन-तीनदा. एबीएसची ती कटकट ओळखीची झाली की खऱ्या वेळी माणूस दचकून पाय काढत नाही.

१०. उन्हाळ्यात कुठे ठेवायचे

धुवून, मीठ काढून, वाळवून, अंधाऱ्या थंड जागी. ऊन नको, आणि इलेक्ट्रिक मोटर किंवा कॉम्प्रेसरजवळ नको, त्यातून निघणारा ओझोन रबर खातो. रिमसकट असतील तर एकावर एक रचा किंवा टांगा, रिम नसेल तर उभे ठेवा आणि महिन्या-दीड महिन्यातून थोडे फिरवा.

काढतानाच प्रत्येकावर कुठल्या जागेचा ते खडूने लिहून ठेवा, कारण पुढच्या वर्षी पुढचे मागे आणि मागचे पुढे करायचे असतात म्हणजे झीज सारखी होते, आणि सहा महिन्यांनी काहीही आठवत नाही. मी डावा पुढचा म्हणून डापु, उजवा पुढचा उपु, डावा मागचा डामा असं लिहितो. उजवा मागचा होतो उमा, त्यामुळे गेली काही वर्षं नोव्हेंबरात आमच्या घरातून "अगं उमा कुठे ठेवलीय" अशी हाक ऐकू येते आणि नवीन शेजाऱ्यांना प्रत्येक वेळी समजावून सांगावं लागतं.